अंधूक उजेड, लांबचा पक्षी आणि कर्जाचा हप्ता

परवा एका रविवारी सकाळी आमच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तो पॅकिंगला आहे. वडील पूर्वी यंत्रमागावर होते, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. आई टॉवेलच्या कडा शिवते. मुलगा मेहनती आहे. त्याने दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून एक वापरलेला मिररलेस कॅमेरा विकत घेतला, हे मला ठाऊक होते. त्या दिवशी त्याच्यामागे त्याची आईही आली होती.

"जयभीम काका. जरा हे फोटो बगा की," म्हणून त्याने कॅमेरा पुढे केला. "समदे असेच आलेत. एक बी धड नाही."

फोटो खरेच धड नव्हते. एका कारखान्याच्या भिंतीवर काहीतरी करडे बसलेले होते. ते पाखरू आहे की विटेचा तुकडा, हे सांगणे कठीण होते. दुसऱ्या फोटोत आकाशात धूसर रेघ होती, ती म्हणे घार. बाकी सगळीकडे वाळू पसरल्यासारखे दाणे.

आई म्हणाली, "भाऊजी, तुमी हिशोबातले मानूस. पोरगं म्हनतंय, मोठी लेन्स घेतली की फोटो चांगले येतील. दीड लाखाचं कर्ज काढतो म्हनतंय. काय करावं, तुमीच सांगा."

वाचकहो, प्रश्न पक्ष्यांचा होता, कॅमेऱ्याचा होता आणि घराच्या ताळेबंदाचाही होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवसभर खतावण्या लिहिणारा कारकून. पण हौसेपोटी थोडी छायाचित्रणाची माहिती ठेवून आहे. म्हणून म्हटले, "आधी हिशोब मांडू, मग कर्जाचे बोलू." त्या महिनाभरात जे शिकायला मिळाले, ते आपल्यापुढे ठेवतो. आज आपल्या वस्त्यांतील अनेक मुलांच्या हातात कॅमेरे आले आहेत, त्यांना ते उपयोगी पडेल.

कामगाराच्या वाट्याला येणारा उजेड

पक्ष्यांचे सुंदर फोटो काढणारे लोक चांगला उजेड निवडून काढतात. सूर्य उगवून अर्धा-पाऊण तास झाला, कोवळे ऊन पक्ष्याच्या अंगावर पडले, की त्यांचे काम सुरू होते. आपल्या मुलाची तेव्हा पाळी सुरू झालेली असते. थंडीच्या दिवसांत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पाळीला जाताना उजेड पुरता झालेला नसतो आणि सुटून येताना तो संपत आलेला असतो. त्याच्या हाती उरतात त्या दोन कडेच्या वेळा.

पण याच वेळा पाखरांच्याही धांदलीच्या असतात. एमआयडीसीचा परिसर म्हणजे नुसत्या शेड आणि धुराडी नव्हेत. मोकळे प्लॉट आहेत, बाभळी आहेत, गवत माजलेले कुंपण आहे. तिथे टिटवी ओरडते, चिरक शेपटी उचलून दगडावर बसतो, वेड्या राघूंची रांग तारेवर असते. दिवेलागणीला कोतवाल दिव्याभोवतीचे किडे टिपतो. आणि भिंतीच्या भगदाडातून पिंगळा बाहेर येतो. साळुंकीएवढे ते लहान घुबड. मुलाच्या फोटोतला विटेचा तुकडा म्हणजे हाच पिंगळा होता.

प्रकाशाचा जमाखर्च

फोटो म्हणजे कॅमेऱ्यातल्या सेन्सर नावाच्या चौकोनी पट्टीवर जमा झालेला प्रकाश. ही जमा दोन वाटांनी होते. पहिली वाट लेन्सच्या तोंडाची. त्याचे आकडे एफ २.८, एफ ४, एफ ५.६, एफ ८ असे असतात. आकडा मोठा तितके तोंड लहान. यातल्या एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेलो, की प्रकाश निम्मा होतो. दुसरी वाट वेळेची. शटर किती वेळ उघडे राहते, त्यावर प्रकाश कमीजास्त मिळतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा सव्वाशेव्या भागात आठपट प्रकाश येतो.

तिसरा आकडा आयएसओचा. पुष्कळांची समजूत अशी, की आयएसओ वाढवला म्हणजे प्रकाश वाढतो. तसे नाही. जमा तेवढीच राहते, फक्त तिचा आवाज मोठा केला जातो. सभेत बोलणारा हळू बोलत असेल आणि आपण लाऊडस्पीकर वाढवला, तर बोलणे मोठे ऐकू येते, पण खरखरही मोठी होते. फोटोतले वाळूसारखे दाणे म्हणजे ती खरखर. दाण्यांचे खरे कारण प्रकाशाची तूट. आयएसओ ती तूट उघड करतो, इतकेच.

आता मुलाचे फोटो पाहू. त्याने कुठेतरी ऐकले होते, की पक्ष्यासाठी शटर हजाराव्या भागावर हवे. म्हणून त्याने भिंतीवर गप्प बसलेल्या पिंगळ्यालाही तोच वेग लावला. सूर्य नुकताच वर येत असताना, सावलीत, एफ ६.३ च्या लेन्सवर हजारावा भाग लावला तर आयएसओ सुमारे १२,८०० वर जातो. तोच वेग सव्वाशेव्या भागावर आणला तर १,६०० पुरतो. पक्षी हलत नसेल, तर हे सातआठ पटींचे नुकसान आपण विनाकारण सोसतो.

म्हणून पहिला धडा असा, की पक्षी काय करतो आहे ते पाहून वेग ठरवावा. उडणाऱ्या पाखरासाठी हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर हवे. संथ घिरट्या घालणाऱ्या घारीला पाचशेवा भागही चालून जातो. बसलेल्या पाखराला सव्वाशेवा, आणि कॅमेरा भिंतीवर टेकवलेला असेल तर साठावा भागही पुरे. पाखरू बसलेले असले तरी मान वळवते, म्हणून एकाच दमात आठदहा फोटो घ्यावेत. त्यातला एखादा नेमका स्थिर क्षणाचा सापडतो.

मिररलेसचा फायदा किती, तोटा किती

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा असे. लेन्समधून येणारे दृश्य आरशावर आपटून आपल्या डोळ्यापर्यंत येई आणि फोटो काढताना तो आरसा खटकन वर जाई. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि डोळ्यापुढच्या लहान पडद्यावर चित्र दिसते. लेन्स बदलता येणाऱ्या या जातीचा पहिला कॅमेरा म्हणून पॅनासॉनिकच्या जी-१ चे नाव घेतले जाते. तो २००८ साली आला. आज मोठ्या कंपन्यांचे नवे कॅमेरे बहुतेक याच पद्धतीचे असतात, त्यामुळे जुने मिररलेसही वापरलेल्या मालाच्या बाजारात येऊ लागले आहेत.

कमी उजेडात याचे तीन फायदे. फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबण्याआधीच पडद्यावर दिसते. दुसरे, कॅमेरा आवाज न करता फोटो काढू शकतो, त्यामुळे पाखरू दचकत नाही. तिसरे, अलीकडच्या कॅमेऱ्यांना पाखराचा डोळा ओळखून त्यावर नेम धरता येतो. पण अंधारात हा नेम चुकतो. अशा वेळी डोळ्याचा हट्ट सोडावा आणि जिथे काळे-पांढरे शेजारी शेजारी आहे तिथे नेम धरावा. पिंगळ्याच्या छातीवरचे ठिपके किंवा तो बसला आहे त्या कठड्याची कड, असे काहीतरी.

तोटेही सांगितले पाहिजेत. आवाज न करता फोटो काढताना सेन्सरवरचे चित्र वरून खाली ओळीओळीने वाचले जाते. तेवढ्यात पाखराने पंख हलवला तर तो वाकडा दिसतो. आणि कारखान्याच्या दिव्याखाली तर वेगळीच गंमत होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मुलाच्या काही फोटोंत असे पट्टे होते. त्याला वाटले, कॅमेरा बिघडला. तसे काही नव्हते. दिव्याखाली नेहमीचे शटर वापरावे आणि वेग शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवावा, म्हणजे पट्टे बहुधा जातात.

आणखी एक गोष्ट खास आपल्या एमआयडीसीची. मागांच्या शेडजवळ हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात. मिररलेसची लेन्स काढली, की बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडाच पडतो. तिथे लेन्स बदलू नये. बदलायचीच तर घरी, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून बदलावी. पडद्यामुळे बॅटरीही लवकर उतरते, म्हणून रात्री चार्ज करून ठेवावी.

मोठी लेन्स म्हणजे काय विकत घेतो?

आता मुख्य प्रश्न. मुलाला हवी होती ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स. लांबचे जवळ आणणारी ही टेलिफोटो लेन्स लाखाच्या पुढे जाते. पण तिचे तोंड लांबच्या टोकाला एफ ६.३ असते. म्हणजे ती अंतर देते, प्रकाश देत नाही. अंतर आणि प्रकाश दोन्ही देणारी ६०० मिलिमीटर एफ ४ ची लेन्स दहा लाखांच्या घरात जाते. तिचे नाव आपण काढू नये.

उलट, आपल्याच गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एक जण राहतो. त्याच्याकडे ७० ते २०० मिलिमीटरची एफ २.८ ची लेन्स आहे. हॉलमधल्या अपुऱ्या उजेडात नवरा-नवरीचे फोटो निघावेत म्हणून ही मंडळी तीच वापरतात. हिशोब करा. एफ ६.३ पेक्षा एफ २.८ मधून पाचपट प्रकाश येतो. लग्नसराई नसली की ती लेन्स कपाटात पडून असते. नशिबाने दोघांच्या कॅमेऱ्याची कंपनी आणि लेन्सची बैठक एकच निघाली. दिवसाला ठरावीक भाडे आणि काही मोडल्यास भरपाई, अशी बोली करून आम्ही ती दोन रविवारी आणली.

मुलगा म्हणाला, "काका, पन पाखरू लहान दिसंल की."

दिसणारच. २०० मिलिमीटर म्हणजे ६०० च्या एक तृतीयांश. पण त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मध्यम आकाराचा आहे, त्यामुळे तिथे २०० ची लेन्स ३०० सारखी चौकट देते. उरलेले अंतर पायांनी आणि धीराने कापायचे. पिंगळा रोज त्याच भगदाडातून बाहेर येतो, त्याच कठड्यावर बसतो. माणसांच्या येण्याजाण्याची त्याला सवय असते. आपण एकाच जागी गप्प बसलो, की थोड्या दिवसांत तो आपल्यालाही त्यातच मोजतो. गेटवरच्या वॉचमनमामांना आधी विचारले, कारखान्याच्या आतला फोटो काढणार नाही असे सांगितले, आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकून बसलो.

पहिला रविवार वाया गेला. पिंगळा आला, पण मुलाने घाईने उठून पुढे पाऊल टाकले आणि तो आत गेला. दुसऱ्या रविवारी सूर्य मावळून थोडा वेळ झाला असेल, तो कठड्यावर येऊन बसला. कॅमेऱ्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवला होता. वेग साठावा भाग, तोंड एफ २.८, आयएसओ १,६००. मुलाच्या मनातल्या मोठ्या लेन्सवर याच उजेडाला सुमारे ८,००० आयएसओ लागला असता. बारा फोटो काढले. नऊ हलले होते, तीन स्वच्छ आले. एका फोटोत पिवळे डोळे सरळ आपल्याकडे पाहताहेत आणि कपाळावरचे पांढरे ठिपके मोजून घ्यावेत असे.

मुलाने तो आईला दाखवला. शेजारची म्हातारी आजी म्हणाली, "अगं बाई, पिंगळा! घरावर वरडला की वाईट असतंय." आई फोटोकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "एवढंसं तर हाय. हे काय कुनाचं वाईट करनार?" पिंगळा किडे खातो, उंदीर खातो. धान्याच्या पोत्यांचा तो राखणदार आहे. अशुभ म्हणून किंवा करणीच्या नादाने घुबडे मारली जातात, हे आपण ऐकतो. एका स्पष्ट फोटोने घरातली ती भीती थोडी कमी झाली, हे मी स्वतः पाहिले.

कर्जाचा हिशोब

मग कर्जाचे बोलणे झाले. समजा दीड लाख रुपये, दोन वर्षे, १६ टक्के व्याज. घटत्या शिल्लकेवर आकारणी असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,३४५ रुपये बसतो आणि दोन वर्षांत सुमारे २६ हजार रुपये व्याज जाते. तेच १६ टक्के सरसकट मूळ रकमेवर धरले तर हप्ता ८,२५० आणि व्याज ४८ हजार. दर एकच, पण फरक जवळजवळ २२ हजारांचा. कर्ज कशाचेही घ्या, सही करण्यापूर्वी हा एक प्रश्न जरूर विचारा.

ज्या घरात आईच्या शिवणाच्या पैशातून किराणा येतो, त्या घरात सात-आठ हजारांचा हप्ता म्हणजे कुणाचे तरी औषध मागे पडणार. मुलाने आकडे स्वतःच्या हाताने वहीत मांडले आणि स्वतःच म्हणाला, "आत्ता नको काका." मी नको म्हटले नव्हते. हौस ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही, आपल्या मुलांनाही ती असावी. पण कुठे पैसा घालावा आणि कुठे समज, हे कळले पाहिजे.

खोटे आश्वासनही देऊ नये. हिप्परग्याच्या तलावात दूरवर उतरलेली बदके, कुरनूर धरणाच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी, संध्याकाळी उडत जाणारा थवा, हे उसन्या २०० च्या लेन्सने मिळणार नाहीत. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा आणि डोळ्यांनी पाहावे. त्या मुलाने आता लग्नाच्या फोटोग्राफरकडे सुटीच्या दिवशी मदतनीस म्हणून जायला सुरुवात केली आहे. अंधूक हॉलमध्ये चेहरा स्वच्छ टिपायचा असो की कठड्यावरचा पिंगळा, हिशोब एकच. त्या कमाईतून तो लेन्ससाठी वेगळे पैसे टाकतो आहे.

पाळायच्या चार गोष्टी

घुबडावर फ्लॅश मारू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो झगझगीत आघात होतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू नये. घरट्याजवळ जाऊ नये आणि घरट्याची जागा चारचौघांत सांगू नये. चौथी गोष्ट, फोटोखाली तारीख, वेळ आणि ठिकाण न चुकता लिहावे.

ही चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या आधीच्या पिढीने गुरे राखली, माळ तुडवला. कोणते पाखरू कधी येते, हे त्यांना तोंडपाठ होते. पण ते कुणी लिहून ठेवले नाही. आपल्या अनेक घरांत आजी-आजोबांचा एक फोटोसुद्धा नाही. याच जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. तरीही आज माळढोक दिसणे ही बातमी होते. जे होते ते कधी कमी झाले, हे नोंदीवरूनच कळते. एमआयडीसीच्या कठड्यावरच्या पिंगळ्याची आजची नोंद उद्या तशीच कामाला येईल, आणि ती एका कामगाराच्या मुलाच्या हातची असेल.

पक्ष्यांना मराठीत नावे आणि शब्द देणारे मारुती चितमपल्ली याच सोलापूरचे. ५ नोव्हेंबर १९३२ चा त्यांचा जन्म. वनखात्यात त्यांनी आयुष्य काढले, 'पक्षिकोश' लिहिला. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांनी देह ठेवला. त्यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून या आठ दिवसांत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो.

यंदाच्या सप्ताहात आपल्या वस्तीतील मुलांनी एक करावे. चार-पाच घरांत मिळून एखादा कॅमेरा असेलच, नसेल तर मोबाइल आणि वही पुरे. पाळीच्या आधी किंवा नंतर अर्धा तास एका जागी बसावे, दिसेल ते पाखरू टिपावे आणि तारीख घालून लिहावे. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाच्या वहीत आज एकोणीस पक्ष्यांची नावे आहेत. त्यातल्या सात जणांचेच फोटो आहेत. बाकीच्या नावांपुढे त्याने लिहिले आहे : "उजेड नव्हता, पण पाहिला."